दारावरील गुलाबी कडे

आमच्या गल्लीतील एका घराच्या दारावर गेल्या डिसेंबरात फिकट गुलाबी रंगाचे एक कडे टांगले गेले, आणि त्या दीड वीत रुंदीच्या वस्तूवरून विट्यासारख्या व्यवहारी आणि जग पाहिलेल्या गावात जी कुजबूज, आणि पुढे जी उघड चर्चा झाली, ती ऐकून मला आलेला उद्वेग वर्ष उलटत आले तरी शमलेला नाही. नाताळच्या दिवसांत ख्रिस्ती कुटुंबे हिरव्या डहाळ्या वळवून जे वर्तुळ दारावर लावतात, आणि ज्याला अलीकडे शाळकरी मुले ‘रीथ’ म्हणतात, त्याचेच ते एक रूप होते. फक्त हिरव्याच्या जागी मंद गुलाबी. घर गलाईवाल्यांचे, म्हणजे सोने गाळणाऱ्यांचे. थोरला मुलगा तीस वर्षे त्रिशूरच्या सोन्याच्या पेठेत भट्टी चालवितो. त्याची पत्नी आणि तेरा वर्षांची मुलगी म्हातारीच्या आजारपणामुळे त्या वर्षी गावी परतल्या होत्या. ते कडे त्या मुलीने स्वतःच्या हाताने केले होते.

हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे मी त्यांच्याच तोंडून तीन वेळा ऐकले आहे, आणि त्याला उत्तर देण्यापूर्वी ते काहीही न गाळता मांडणे मला योग्य वाटते. ते म्हणतात की, दारावर तोरण बांधणे ही आपली रीत असताना परधर्मीयांचे चिन्ह दारावर आणणे हा आपल्या संस्कारांचा पराभव आहे. की असले चक्र मुळात मृतांना वाहतात, ते राहत्या घराच्या दारावर अशुभ होय. की नाताळचे म्हणून करावयाचेच तर निदान लाल-हिरवे करावे, हा गुलाबी रंग म्हणजे मोबाइलवरील चित्रे पाहून आलेला निव्वळ पोरकट शौक आहे. की त्यात पैशाची नासाडी आणि प्लास्टिकची भर आहे. आणि सरतेशेवटी, आवाज खाली आणून, ते म्हणतात की, आज जे दारावर आले ते उद्या देव्हाऱ्यात येईल. ह्या साऱ्या हरकती एका दमात म्हटल्या म्हणजे त्यांना एक प्रकारचे वजन येते. परंतु एकेक हरकत स्वतंत्रपणे हाती घेऊन पाहिली, तर त्यांतील एकही स्वतःच्या पायावर उभी राहत नाही, असे माझे विचारांती झालेले मत आहे.

अशुभाची हरकत प्रथम निकालात काढतो, कारण ती केवळ एका शब्दाच्या आधारावर उभी आहे. हुतात्म्यांच्या स्मारकावर आणि सैनिकांच्या पार्थिवावर जे वाहतात त्याला वृत्तपत्रांनी ‘पुष्पचक्र’ म्हटले, तो शब्द आपल्या मनात मृत्यूशी जोडला गेला, आणि तोच आकार दुसरीकडे दिसताच मन दचकले. एवढाच ह्या भीतीचा इतिहास आहे. आकारावरून शुभाशुभ ठरवावयाचे, तर सौभाग्याची बांगडी कोणत्या आकाराची असते? आणि द्रव्यावरून ठरवावयाचे, तर ज्या शेवंतीचा हार नवरदेवाच्या गळ्यात पडतो तीच शेवंती तिरडीवरही पडते, आणि सवाष्ण स्त्री गेली म्हणजे तिला हळदीकुंकवाने मळवट भरूनच निरोप देतात. म्हणून कोणी लग्नातून हळद वर्ज्य केली आहे काय?

त्या घरातील म्हातारीला ही भीती शिवलीदेखील नाही. नातीने कडे दाखवावयास आणले तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. यंत्रमागाच्या शेडमधून टाकाऊ म्हणून आलेले पांढरे सूत तिने घरात उरलेला गुलाल कोमट पाण्यात कालवून त्यात बुडविले होते, म्हणून रंग गडद न उतरता पहाटेच्या आभाळासारखा फिकट उतरला होता; आत गवताचे वेढे, वरून ते सूत, आणि मधून मधून खोवलेले उसाचे तुरे, जे त्या दिवसांत फडाफडांतून रुपेरी डुलत असतात. म्हातारीने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “ही चुंबळ दाराला कशापायी टांगायची गं?” ज्या बाईने आमच्या खानापूर तालुक्यातील दुष्काळांत कोसाकोसावरून डोक्यावर घागरी वाहिल्या, जिच्या तारुण्याची सगळी उन्हाळी सकाळ चुंबळ वळण्यातच उजाडली, तिला ते वर्तुळ परके वाटले नाही. तिने सुताचे चार फेर सोडले, आतले गवत ढिले राहिले होते ते दोन्ही हातांनी पिळून घट्ट वळले, शेवटचे टोक आत खोचले, आणि “चुंबळ अशी वळत्यात” एवढेच म्हणून ते नातीच्या हाती परत दिले. ज्या वस्तूसाठी आमच्या शिकल्यासवरल्या लोकांना वृत्तपत्रातील मरणाचा शब्द आठवला, तिच्यासाठी एका निरक्षर बाईला पाण्याचा, म्हणजे जीवनाचा, शब्द आठवला. ह्या दोहोंपैकी आपल्या संस्कृतीच्या अधिक जवळ कोण, हे मी वाचकांनाच विचारतो.

परकेपणाची हरकत अधिक गांभीर्याने घेतली जाते, म्हणून तिला अधिक वेळ देणे भाग आहे. आपले ते तोरण, आणि हे परक्यांचे कडे, असा भेद ज्या ठामपणे केला जातो, तो ठामपणा तोरण जवळून पाहिले तर टिकत नाही. आंब्याचे पान आपले, ह्याविषयी वाद नाही. परंतु त्या पानाशेजारी जे फूल आपण ओवतो, दसऱ्याला विट्याच्या बाजारात ज्याचे ढीग लागतात, खंडेनवमीला ज्याच्यावाचून एकाही मागाची किंवा मोटारीची पूजा होत नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा आहे, आणि कोलंबसाने १४९२ साली समुद्र ओलांडण्यापूर्वी ह्या देशातील कोणत्याही दारावर झेंडूचे तोरण असणे शक्यच नव्हते. निशिगंध त्याच मुलखातला. शेवंती चीनकडची. ज्या दारावर आपण हे सारे टांगतो त्या दाराचे तरी काय? ‘दरवाजा’ हा शब्द फारसी, तो जिच्यावर फिरतो ती ‘बिजागरी’ पोर्तुगीज, तो जिने उघडतो ती ‘चावी’ही पोर्तुगीज, आणि त्या दारापुढे कार्तिकात जो ‘कंदील’ लावतो त्याचे नाव अरबी-फारसीच्या वाटेने आले असून त्याच्या मुळाशी मेणबत्तीचा लॅटिन शब्द आहे. ‘नाताळ’ हे नावसुद्धा आपण पोर्तुगीजांकडून घेऊन इतके पचविले की, ते आज देवळातल्या पुजाऱ्याच्याही तोंडात सहज बसते. इतक्या परक्या गोष्टी ज्या दाराने आपल्याशा केल्या, त्याच दारावर आता नवे काही येऊ नये असा हुकूम कोणी काढला? आणि एखादी वस्तू किती वर्षे राहिली म्हणजे तिचे परकेपण फिटते, ह्याची मुदत कोणत्या दप्तरात नोंदलेली आहे? झेंडूला जी मुदत मिळाली ती ह्या कड्याला का मिळू नये?

बरे, ज्याला परधर्माचे निशाण म्हणून भ्यावयाचे त्या वर्तुळाचा उगम तरी किती सौम्य आहे! ख्रिस्ताच्या कितीतरी आधीपासून ग्रीक आणि रोमन लोक पानांची वलये करीत आणि विजयी माणसाच्या मस्तकावर ठेवीत. नाताळपूर्वीच्या चार रविवारांशी जोडलेले जे कडे आज जगभर ओळखले जाते, ते तर फार अलीकडचे. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात योहान हिन्रिख विखेर्न नावाचा एक धर्मोपदेशक निराधार मुलांचे वसतिगृह चालवीत असे. नाताळ कधी येणार, कधी येणार, असे मुले रोज विचारीत. म्हणून १८३९ साली त्याने गाडीच्या एका चाकावर मेणबत्त्या बसविल्या, रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल, आणि रोज एक पेटवून मुलांना दिवस मोजावयास शिकविले. पुढे त्या चाकाला हिरव्या डहाळ्या आल्या. एका अनाथाश्रमातल्या पोरांची सणाची ओढ शमविण्यासाठी केलेली ही युक्ती! वसुबारसेची वाट पाहत बोटांवर दिवस मोजणारी आपली मुले आणि ती मुले, ह्यांच्या ओढीत काय अंतर आहे?

आता रंग. गुलाबी रंगाविषयी जे तुच्छतेने बोलले गेले, त्याने मला सर्वांत अधिक दुःख झाले. कारण ते बोलणारे मराठी माणसे होती, आणि मराठी भाषेने ह्या ऋतूला दिलेले विशेषणच ‘गुलाबी’ आहे. मार्गशीर्ष-पौषाच्या ज्या थंडीत पठारावरचे आमचे गाव सकाळी दुलईतून बाहेर पडण्यास नाराज असते, जिच्यात शेकोटीभोवतीच्या गप्पा लांबतात, ती ‘गुलाबी थंडी’. तिला हिरवी किंवा लाल थंडी कोणी म्हटले नाही. मग डिसेंबरात दारावर लावावयाच्या वस्तूला गुलाबी रंग देणाऱ्या मुलीने मराठी भाषेची चूक केली की तिचे मर्म ओळखले? चैत्रात जोतिबाचा डोंगर कोणत्या रंगाने माखतो? लग्नात वऱ्हाडाच्या डोक्यावरचे फेटे कोणत्या रंगाचे असतात? निवडून आलेल्या उमेदवाराच्या मिरवणुकीत साठ वर्षांचे गृहस्थ कपाळापासून धोतरापर्यंत ज्या रंगात न्हातात तो पोरकट ठरत नाही, आणि त्याच गुलालाचे पाणी सुताला लावून एका मुलीने कडे रंगविले की तो पोरकट ठरतो, हा न्याय कुठला? ज्या सद्गृहस्थांनी ह्या रंगाला परदेशी खूळ म्हटले, त्यांच्यापैकी एकाच्या बंगल्याच्या फाटकावर बोगनवेल बारमाही गुलाबी फुललेली असते. ती वेल ब्राझीलकडची आहे, आणि तिचे नाव एका फ्रेंच दर्यावर्द्याचे आहे. पाणी थोडे लागते म्हणून आमच्या दुष्काळी मातीने तिला आसरा दिला, आणि दिला हे उत्तमच केले.

‘निदान लाल-हिरवे तरी करावे’ म्हणणाऱ्यांना ख्रिस्ती परंपराही पुरती ठाऊक नाही. नाताळपूर्वीच्या चार रविवारांपैकी तिसऱ्या रविवारी, आनंदाचा रविवार म्हणून, अनेक चर्चमध्ये धर्मगुरू गुलाबी वस्त्रे परिधान करतात, आणि मेणबत्त्यांच्या कड्यावर त्या दिवशी जी पेटते ती मेणबत्ती गुलाबी असते. प्रतीक्षेचे जांभळे दिवस अर्ध्याहून अधिक सरले, आता आनंद जवळ आला, एवढा त्या रंगाचा अर्थ. त्रिशूरच्या रस्त्यांवर, चर्चच्या सावलीत लहानाची मोठी झालेल्या मुलीने हा अर्थ शिकून घेतला होता की नाही, हे मी तिला विचारले नाही. डोळ्यांनी पाहिलेले हातांत उतरते, त्याला टीपा द्याव्या लागत नाहीत.

ह्या ‘पोरकट’ शब्दामागे आणखी एक वृत्ती आहे, आणि ती मी उघड केल्यावाचून सोडणार नाही. घर सजविणे हे बायकांचे आणि मुलींचे काम, म्हणून ते क्षुल्लक; आणि क्षुल्लक म्हणून त्याची हेटाळणी करण्याचा अधिकार कट्ट्यावरच्या प्रत्येकाला. आपल्या आया-आज्यांनी काचमण्यांची तोरणे ओवली, लोकरीचे पोपट विणून चौकटीवर बसविले, रुखवतात पुठ्ठ्याची देवळे मांडली, शेणाने सारवलेल्या अंगणात ठिपके जुळविले. त्यांतील किती कामांना आपण कधी कला म्हटले? ते सारे पुसले गेले, धुळीला मिळाले, माळ्यावर कुजले, आणि आज त्यांतले काही कोणी शहरातल्या प्रदर्शनात मांडले म्हणजे आपण तिकीट काढून पाहतो. एक मुलगी अजून हाताने काही वळते, रंगविते, दारावर लावते, हे पाहून ज्याला समाधान वाटावयाचे त्याला राग येत असेल, तर तो राग कड्यावर नाही, त्या हातावर आहे.

प्लास्टिकविषयी मी थोडी कबुली देतो. दुकानांत तयार मिळणारी चकचकीत गुलाबी कडी मलाही आवडत नाहीत, आणि २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालील शहरांत देशात पहिला आलेल्या आमच्या गावात त्यांची भर पडू नये असेच मला वाटते. परंतु त्याच दुकानाच्या त्याच दोरीवर दिवाळीत प्लास्टिकची आंब्याची पाने आणि प्लास्टिकचा झेंडू टांगलेला असतो, आणि तो घेताना कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. शिवाय ह्या कड्यात गवत, सूत, गुलाल आणि उसाचे तुरे ह्यांखेरीज काही नव्हते. त्याला खर्च आला असेल तर तो एका रविवारच्या दुपारचा.

राहिली ती आवाज खाली आणून सांगितलेली हरकत. दारावर आलेले उद्या देव्हाऱ्यात येईल, असे जे म्हणतात त्यांचा आपल्या देव्हाऱ्यावर विश्वास इतका कच्चा आहे काय? नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, म्हणजे दारावर कडे नव्हे, सारा धर्मच बदलला. आणि त्यानंतर त्यांच्या लेखणीतून काय उतरले? अभंग उतरले, भजने उतरली, ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ सुरू झाले, जे त्यांच्या पश्चात पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले; आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’वाचून तर आज मराठी गद्याची कल्पनाच करता येत नाही. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १९१७ साली, टिळकांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला तो साताऱ्याला, आणि तेव्हा आपला खानापूर तालुका सातारा जिल्ह्यातच मोडत होता. ज्यांचा धर्म बदलला त्यांची ओवी सुटली नाही, तर मग सुताचे एक कडे टांगल्याने कोणाची दिवाळी सुटणार आहे?

उलट मराठी ख्रिस्ती घरांत नाताळच्या दिवशी जाऊन पाहावे. तेथे करंज्या असतात, शंकरपाळी असतात, चकलीही असते. दारात रांगोळी असते, आणि वर टांगलेला चांदणीचा कंदील आपल्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ असतो. त्यांनी आपली करंजी घेतली तेव्हा त्यांच्या श्रद्धेचे सारण बदलले नाही. आणि आपणही त्यांच्याकडून काही थोडे घेतलेले नाही. विल्यम वानलेस ह्या मिशनरी डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मिरजेत जे हॉस्पिटल उभारले, त्याच्या दारात आपल्या तालुक्यातील माणसे बैलगाडीने, पुढे एस.टी.ने, पोटातल्या गाठी आणि डोळ्यांतले मोतीबिंदू घेऊन पिढ्यान्‌पिढ्या गेली. भिंतीवर क्रूस आहे म्हणून कोणी खाटेवरून उठून परत आला नाही. सांगली-मिरज रस्त्यावर त्या डॉक्टरच्या नावाला आपण आपल्या भाषेतली ‘वाडी’ जोडून वानलेसवाडी केली. ज्यांनी माणसालाच वाडी देऊन आपला केला, त्यांचे वंशज एका वर्तुळाला भितात, हे मला पटत नाही आणि पटवून घ्यावयाचेही नाही.

परंतु विट्याने ही हरकत घेऊ नये ह्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण ह्या साऱ्यांहून निराळे आहे, आणि ते ह्या गावाच्या भाकरीशी निगडित आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, आणि शेजारचे माण-खटाव, हा पट्टा पावसाने टाकलेला. आभाळाने पाठ फिरविली म्हणून येथील माणसे घर सोडून गेली, आणि काश्मीरपासून केरळपर्यंत जेथे जेथे सराफकट्टा आहे तेथे तेथे त्यांनी आपली भट्टी पेटविली. आज ह्या तालुक्यात ज्या माड्या उभ्या आहेत, ज्या देवळांचे जीर्णोद्धार झाले आहेत, त्यांच्या पायात त्या भट्ट्यांची राख आहे. गलाईवाला काय करतो? जुने मोडीचे सोने मुशीत घालतो, टाकणखार टाकतो, रस होईतो भाता चालवितो, तेजाबात हीण सोडतो, आणि उरलेल्याचा टंच पाहतो. त्रिशूरच्या पेठेत त्या मुशीत मंगळसूत्राची वाटी पडते, तसा गळ्यातला क्रूस पडतो, आणि सिरियन ख्रिस्ती वधूच्या गळ्यात बांधतात ते ‘मिन्नू’ नावाचे इवले पानही पडते. रस झाल्यावर कोणता थेंब कोणत्या देवाचा, हे जगातल्या कोणत्याही कसोटीच्या दगडाला सांगता येत नाही. हे ज्ञान आमच्या माणसांनी पुस्तकातून घेतलेले नाही. भट्टीच्या धगीत, तेजाबाच्या धुरात छाती पोखरून घेतलेले आहे.

आणि त्या परमुलखाने त्यांना कसे वागविले? भाषा येत नव्हती, जात-गोत ठाऊक नव्हते, तरी लोकांनी विश्वासाने आपल्या घरचे सोने त्यांच्या हाती दिले. तेथे त्यांनी गणपती बसविले, शिवजयंती केली, पाडव्याला बांबूच्या टोकाला रेशमी खण आणि पालथा तांब्या बांधून गुढी उभारली. त्या गल्लीतल्या ख्रिस्ती शेजाऱ्याने ती गुढी पहिल्यांदा पाहिली असेल तेव्हा त्यालाही ती विचित्र वाटली असेल. काढा ती, असे तो म्हणाला काय? म्हणाला असता, तर आमची माणसे तेथे तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे राहिली असती काय? त्यांची मुले त्या मातीत जन्मली, तेथल्या शाळांत शिकली, डिसेंबर आला की दारोदार चांदण्या आणि कडी पाहत वाढली. ती मुले गावी येतात तेव्हा त्यांच्या आई-बापांनी कमावलेले सोने आपल्याला चालते, दसऱ्याला रेवणसिद्धाच्या पालख्यांच्या शर्यतीसाठी त्यांनी दिलेली वर्गणी चालते, देवळाच्या कमानीवर कोरलेले त्यांचे नाव चालते. आणि त्यांच्या डोळ्यांनी तेथून जे आणले ते तेवढे चालत नाही? त्रिशूरच्या गल्लीने आमच्या गुढीला जी मुभा दिली, ती विट्याच्या गल्लीने त्रिशूरच्या कड्याला दिलीच पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे. हे देणे आहे, आणि घेतलेल्या मुद्दलाच्या मानाने ते अत्यंत अल्प आहे.

गेल्या वर्षी २३ डिसेंबरला सायंकाळी मला असे सांगण्यात आले की, त्या घराशी तुमचा घरोबा आहे, तर ते कडे उतरवावयास तुम्हीच सांगावे. मी गेलो. दाराच्या चौकटीला दसऱ्याचे तोरण तसेच होते. आंब्याची पाने वाळून तपकिरी झाली होती, झेंडू काळवंडून सुपारीएवढे उरले होते, आणि मधल्या खिळ्याला, त्याच दोऱ्याखाली, ते गुलाबी कडे टांगलेले होते. उसाच्या तुऱ्यांचे दोन-तीन तंतू वाऱ्याने उंबऱ्यावर पडले होते. मुलीच्या कानी सारे आलेच असावे, कारण ती दारातच उभी राहिली आणि तिने विचारले, “काका, काढू का?”

खिळा दोहोंच्या भाराने खाली झुकला होता. मी तिला आतून हातोडी आणावयास सांगितले, तोरण आणि कडे क्षणभर तिच्या हाती दिले, आणि खिळा चौकटीत खोल ठोकून दोन्ही पुन्हा होती तशी लावली.